बिलाच्या ओळी वाचा: घरचा फोन आणि ब्रॉडबँड यांचा खर्च खाली आणण्यासाठी काय काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात चिपळूणला आईच्या घरी कपाट आवरताना बाबांनी जपून ठेवलेली टेलिफोन बिलांची चळत सापडली. तारेत ओवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. सगळ्यात जुन्या बिलांवर दोनच आकडे महत्त्वाचे होते: लाइनचं भाडं आणि मीटरवर पडलेले कॉल. करही नाही. देशात सेवाकर पहिल्यांदा लागू झाला १ जुलै १९९४ला आणि त्यासाठी ज्या पहिल्या तीन सेवा निवडल्या गेल्या त्यांत टेलिफोन होता. तेव्हा दर होता ५ टक्के. २०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा तो १५ वरून १८ टक्के झाला.

त्याच संध्याकाळी मी आईच्या घरची आणि माझ्या पुण्याच्या घरची बिलं शेजारी मांडली. माझा ९९९चा प्लॅन, आईची जुनी तांब्याची लँडलाइन आणि तिच्याकडे केबलवाल्यानं वेगळं बसवलेलं ४९९चं फायबर इंटरनेट. कर धरून तिन्हींचं मिळून वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास जात होते. महिन्याला थोडेथोडे जातात म्हणून घरात कुणालाच ते जाणवलं नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत त्यातले साडेदहा हजारांहून अधिक वाचले, तेही कुणाचं काही बंद न पाडता. ते ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण थेट कंपनी बदलण्यापासून सुरुवात करतात आणि नव्या कंपनीकडे जुनाच मोठा प्लॅन घेतात.

आधी बारा महिन्यांची बिलं

मोबाइलवर येणारा "आपले बिल तयार आहे" हा मेसेज म्हणजे बिल नव्हे. कंपनीच्या ॲपमधून पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या, शेवटच्या बारा महिन्यांची. एका कागदावर चार रकाने आखा: मूळ भाडं, कर, इतर आकार, एकूण. प्रीपेड असेल तर प्रत्येक रिचार्जची पावती घ्या.

जाहिरातीतला आकडा करावेगळा असतो, ही पहिली गोष्ट. ३९९ म्हणजे हातातून जातात ४७० रुपये ८२ पैसे. ४९९चे होतात ५८८.८२, ७९९चे ९४२.८२ आणि ९९९चे ११७८.८२. तुलना करताना नेहमी हाच करासहित आकडा घ्या आणि त्याला बारानं गुणा. ४९९ आणि ९९९ मधला फरक महिन्याला पाचशेचा वाटतो, पण वर्षाला तो ७,०८० रुपये होतो.

मग "इतर आकार" या रकान्यात बोट घालून बघा. राउटरचं भाडं, उशिरा भरल्याचा दंड, एखाद्या ओटीटीची वर्गणी, अँटिव्हायरस, कॉलर ट्यून, "प्रीमियम सपोर्ट" असल्या गोष्टी तिथे बसलेल्या असतात. माझ्या बिलात एक सुरक्षा पॅक दर महिन्याला लागत होता. तो मी कधी घेतला, हे मला आजही आठवत नाही. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय अशी जादा सेवा लावता येत नाही, तेव्हा "ही सेवा मी मागितलेली नाही, ती बंद करा आणि घेतलेले पैसे परत जमा करा" असं लेखी कळवा. माझे पाच महिन्यांचे पैसे पुढच्या बिलातून वजा झाले.

बिलं महिन्यांच्या क्रमानं लावली की आणखी एक गोष्ट दिसते: आकडा नेमका कधी उडाला. बहुतेक वेळा तो सुरुवातीची सवलत संपली त्या महिन्यात उडालेला असतो. सहा महिन्यांची सवलत कुठे संपते, हे प्लॅन घेतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवं. इथे ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, एक नियम हाताशी ठेवा. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्या प्लॅनचे दर ग्राहकाला महाग पडतील असे बदलता येत नाहीत, आणि जास्त मुदतीचे पैसे आधीच भरले असतील तर त्या पूर्ण मुदतीत वाढवता येत नाहीत. उलट ग्राहकाला मात्र त्या सहा महिन्यांतही दुसरा प्लॅन घ्यायची मुभा असते.

घरातला कुणी घरूनच व्यवसाय करत असेल आणि जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक बिलावर घालून घ्या. व्यवसायापुरता कर परत मिळवता येतो का, ते आपल्या सीएला विचारा.

घराला खरंच किती वेग लागतो

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दुकानातला मुलगा "मॅडम, घरात चार जण म्हणजे दोनशे एमबीपीएस तरी घ्याच" म्हणतो आणि आपण घेतो.

हिशोब साधा आहे. एमबीपीएस हे नेटच्या वेगाचं माप. टीव्हीवर फुल एचडी सिनेमा पाहायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला १५ च्या आसपास. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४. मोबाइलवर बातम्या, व्हॉट्सॲप, यूपीआय यांना नगण्य. आता आपल्या घरातली सगळ्यात गजबजलेली वेळ डोळ्यांसमोर आणा. आमच्याकडे ती रात्री साडेनऊची: हॉलमध्ये मालिका, आतल्या खोलीत नवऱ्याचा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल, लेकीचा ऑनलाइन क्लास, माझ्या मोबाइलवर काहीतरी. पाच, चार, चार, आणि वर सढळ हातानं दहा धरा. पंचवीसच्या आत संपलं. म्हणजे ४० ते ५० एमबीपीएसचा प्लॅन आम्हाला पुरून उरतो, आणि मी दीडशे एमबीपीएसचे पैसे भरत होते.

ज्यांना खरंच जास्त लागतं असेही लोक आहेत. मोठ्या व्हिडिओ फाइली वर चढवणारे संपादक, कॉन्सोलवर गेम खेळणारी मुलं, किंवा तीन टीव्ही एकदम फोरकेवर चालवणारं घर. त्यांनी डाउनलोडइतकाच अपलोडचा वेगही विचारावा. तो आकडा जाहिरातीत क्वचित दिसतो.

डेटाचंही असंच. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, फोरके ७ जीबीपर्यंत. दिवसाला सहा तास एचडी चाललं तरी महिन्याला साडेपाचशे जीबीच्या आत. "अमर्याद" म्हणून विकलेल्या प्लॅनलाही आत एक मर्यादा असते, ती ओलांडली की वेग खाली येतो. ही मर्यादा किती आणि त्यानंतर वेग किती, हे कंपनीनं उघडपणे सांगायचं असतं आणि वापर ५० आणि ९० टक्क्यांवर गेला की कळवायचंही असतं. ॲपमध्ये मागच्या तीन महिन्यांचा वापर बघा. आमचा कधीच तीनशे जीबीच्या वर गेला नव्हता.

२००५च्या आसपास ज्यांनी बीएसएनएलचं पहिलं ब्रॉडबँड घेतलं त्यांना आठवत असेल, ज्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे, त्यासाठी लोक गजर लावून उठायचे. त्या वेळी ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच २५६ केबीपीएस, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएस, होती. २०१३मध्ये ती ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३च्या जानेवारीत २ एमबीपीएस. त्या टंचाईच्या आठवणीनंच आपण आज गरजेच्या तिप्पट वेग विकत घेऊन ठेवतो, असं मला वाटतं.

नेट हळू असेल तर प्लॅन वाढवण्याआधी हे करा

वेगाची चाचणी वायफायवर घेऊन कस्टमर केअरशी भांडू नका. लॅपटॉपला राउटरमधून थेट लॅनची वायर जोडा, बाकीची सगळी उपकरणं बंद करा आणि सकाळी, दुपारी, रात्री अशी तीन वेळा चाचणी घ्या. स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.

वायरवर पूर्ण वेग मिळतोय आणि खोलीत मिळत नाही, तर दोष प्लॅनमध्ये नाही, घरात आहे. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती, जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती, काँक्रीटचा जिना, फ्रिज, मोठा आरसा, या सगळ्यांत वायफाय अडतं. आईकडे राउटर टीव्हीच्या कपाटात, देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीला लावलेला होता. तो मधल्या खोलीत, उंचावर, उघड्यावर आणला आणि तक्रार संपली. इलेक्ट्रिशियननं पंधरा मीटर वायर ओढली, एवढाच खर्च. बहुतेक नव्या राउटरच्या दोन वाटा असतात: २.४ गिगाहर्ट्झची लांब पोचते पण मंद असते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीपलीकडे दमते. टीव्ही जवळ असेल तर त्याला ५ वर जोडा.

वायरवरही वेग निम्मा मिळत असेल तर ते फोटो लावून तक्रार करा. त्या परिस्थितीत जास्त पैशांचा प्लॅन घेणं म्हणजे गळक्या पिंपात आणखी पाणी ओतणं.

लँडलाइन ठेवायची का?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही आणि मी इथे घाई करू देणार नाही.

तांब्याच्या जुन्या लाइनचा एक गुण असा की तिला लागणारी वीज एक्स्चेंजकडून त्याच तारेतून येते, साधारण ४८ व्होल्टची. घरातली लाइट गेली तरी साधा फोन वाजतो. चिपळूणसारख्या गावात, जिथे पावसाळ्यात वीज आठ-आठ तास जाते, तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हे थोडंथोडकं नाही. उलट फायबरवरचा फोन घरातल्या मोडेमवर चालतो. मोडेम बंद की फोन बंद. त्यावर उपाय आहे: मोडेम आणि राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. बहुतेक मोडेम १२ व्होल्टवर चालतात, पण अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्याच्या लाइनवर घेतला तरी भागतं. फक्त रस्त्यावरचा कंपनीचा डबाही विजेवर असेल तर तोही तग धरतो का, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. मागच्या मोठ्या पावसात त्यांचं नेट किती वेळ चाललं, याहून खरी माहिती कुठेच मिळणार नाही.

दुसरी गोष्ट नंबराची. मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. तीस वर्षं नातेवाइकांच्या डायरीत, गॅस एजन्सीत, बँकेत, डॉक्टरांकडे तोच नंबर असतो. पण त्याच कंपनीच्या फायबरवर गेलात तर नंबर टिकवता येतो. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना आईचा नंबर तसाच राहिला. अर्ज करतानाच "नंबर कायम ठेवायचा आहे" हे लिहून द्या आणि तोंडी आश्वासनावर जुनी लाइन आधी कापू देऊ नका.

हे केलं की भाडं एकच उरतं, कारण मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये फोनचे कॉल धरलेलेच असतात. आईची महिना तीनशेच्या आसपासची वेगळी लाइन आणि केबलवाल्याचं नेट अशी दोन्ही बिलं जाऊन एक राहिलं. जुना बटणांचा फोन मोडेमच्या मागच्या फोनच्या खाचेत लावला की झालं. गोल तबकडीचा असेल तर मात्र नवा घ्यावा लागतो.

मुलांकडे सहा महिने अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक सोय आहे, फारशी कुणाला माहीत नसलेली. बीएसएनएलकडे फोन "सेफ कस्टडी"त ठेवता येतो. नंबर आपलाच राहतो, लाइन तात्पुरती थांबते. जाण्याच्या आठवडाभर आधी कार्यालयात अर्ज द्या आणि त्या काळात काय आकारणार ते त्याच वेळी विचारा. इतर कंपन्यांनाही "तात्पुरतं बंद" ठेवता येतं का, हे विचारायला हरकत नाही.

आता बाजार बघा

आपल्या घरापर्यंत नेमकं कोण पोचतं, हे आधी शोधा. वेबसाइटवर पिनकोड टाकून "उपलब्ध" आलं म्हणजे तुमच्या गल्लीत तार आहे असं नाही. खांबावरचे डबे बघा, शेजाऱ्यांना विचारा. फायबर येत नसेल तर २०२३पासून जिओ आणि एअरटेलचं ५जीवरचं एअरफायबर मिळतं. गच्चीवर किंवा खिडकीत रिसीव्हर बसवतात. ते घेण्याआधी त्याच कंपनीच्या सिमवर त्याच जागी ५जी किती मिळतं ते मोबाइलवर पाहा.

मग प्रत्येकाकडून हे लेखी घ्या: करासहित महिन्याचं भाडं, बसवण्याचा खर्च, डिपॉझिट किती आणि परत मिळणारं आहे का, राउटर विकत की भाड्यानं, डेटाची मर्यादा आणि तिच्यानंतरचा वेग, सवलत किती महिन्यांची आणि नंतरचा दर, मुदतीआधी सोडलं तर काय. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालेल. स्थानिक केबलवाल्याकडून घेत असाल तर त्याच्यामागे परवानाधारक कंपनी कोणती ते विचारा आणि तिच्या नावाचं जीएसटी बिल मागा. "बिल नको, शंभर कमी द्या" हा सौदा स्वस्त वाटतो, पण तार तुटल्यावर तुम्ही त्यांचे ग्राहक आहात हे सिद्ध करायला कागदच उरत नाही. मी तो सौदा एकदा केला होता. पुण्यातल्या पहिल्या भाड्याच्या घरात अठरा दिवस नेट बंद होतं आणि ज्याला पैसे दिले त्यानं फोन उचलणंच बंद केलं. दाद मागायला माझ्याकडे एक चिठ्ठीही नव्हती.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर सूट मिळते ती चांगली असते, पण नव्या कंपनीला पहिले तीन महिने महिन्याचेच पैसे द्या. त्यात एक तरी पाऊस किंवा एक तरी मोठा बिघाड बघून घ्या. मगच एकदम भरा. ओटीटीसकट मिळणारे प्लॅन घेताना त्यातली किती ॲप्स तुम्ही गेल्या महिन्यात खरंच उघडली, ते मोजा. मी दहापैकी दोन उघडत होते.

सोसायटीत एकाच कंपनीला तार टाकू दिली असेल तर हा विषय सर्वसाधारण सभेत मांडा. दुसरी कंपनी इमारतीत आली की पहिलीचा सूर बदलतो, हे मी आमच्याच इमारतीत पाहिलं आहे.

आता जुन्या कंपनीला फोन करा. दर ऐकवून घासाघीस करू नका, थेट सांगा: "मला कनेक्शन बंद करायचं आहे, त्याची प्रक्रिया सांगा." कॉल वेगळ्या विभागात जातो आणि तिथल्या माणसाला सूट द्यायचे अधिकार असतात. तो कारण विचारेल. तेव्हा म्हणा: "दुसरीकडे मला करासहित ५८९ मध्ये पुरेसा वेग मिळतोय. माझा वापर तीनशे जीबीच्या आत आहे. याच दरात खालचा प्लॅन देत असाल तर राहते." नम्र राहा. समोरचा मुलगा नोकरी करतोय. जे ठरेल त्याचा मेसेज किंवा ईमेल आल्याशिवाय फोन ठेवू नका आणि नवा दर किती महिने टिकणार ते त्यात आलंय ना ते बघा. माझं काम इथेच झालं. कंपनी बदलावी लागली नाही, ९९९वरून ४९९वर आले.

बिघाड आणि तक्रार

नेट किंवा फोन बंद पडला की आपण लाइनमनला खासगी फोन लावतो आणि तिथेच चुकतो. तो भला माणूस येतोही, पण नोंद होत नाही. आधी तक्रार केंद्रात नोंदवा आणि तक्रारीचा नोंद क्रमांक, म्हणजे डॉकेट क्रमांक, घ्या. बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ट्रायच्या नियमांनुसार भाड्यात सूट मिळते आणि दिवस वाढतील तशी ती वाढते. पुढच्या बिलात ती दिसली नाही तर डॉकेट क्रमांक दाखवून मागा.

तक्रार मिटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. त्याला फी नसते आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायकडे एकट्या ग्राहकाची तक्रार पाठवून उपयोग नाही, वैयक्तिक तक्रारी सोडवणं त्यांच्या कक्षेत येत नाही. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीत बोलता येतं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालत नाहीत, असं कुणी सांगितलं तर २०२२च्या फेब्रुवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: चालतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

बंद करताना

नवं कनेक्शन आठवडाभर नीट चाललं की मगच जुनं बंद करा. अर्ज लेखी द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का किंवा ईमेलची पोच घ्या, बंद करण्याची तारीख लिहा. मोडेम, राउटर, अडॅप्टर परत देताना अनुक्रमांकासकट पावती घ्या, आणि त्याआधी त्यांचा फोटो काढा. नाहीतर तीन महिन्यांनी "उपकरण परत आले नाही" म्हणून बिल येतं. शेवटचं बिल भरून थकबाकी नसल्याचं लेखी मागा. डिपॉझिटची मूळ पावती सापडली नाही तर जुन्या बिलावर रक्कम छापलेली असते. आईच्या बाबतीत ती बाबांच्या त्या तारेतल्या चळतीतच मिळाली. दोन महिने उलटूनही डिपॉझिट आलं नाही तर वर सांगितलेल्या वाटेनं तक्रार करा.

सगळ्यात शेवटी बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन जुन्या कंपनीचं ऑटोपे रद्द करा. कनेक्शन बंद झालं तरी ते आपोआप बंद होतंच असं नाही.